तार लागेपर्यंत

“अप्पा, त्या डब्यांना धरू नका. खालून हात घाला.”

मी खालून हात घातला. यंत्र शेंगांच्या पोत्यासारखं जड होतं आणि जिना डॉक्टर गोसाव्यांच्या दवाखान्याचा, म्हणजे एक पायरी उंच तर दुसरी बुटकी. पद्मजा वरच्या बाजूला पाठमोरी चढत होती, मी खालच्या बाजूला. सुटलं असतं तर माझ्याच छातीवर आलं असतं. खरं सांगायचं तर मला यंत्राचीच काळजी जास्त होती.

“मधे जरा टेकवू या का?” मी विचारलं.

“टेकवलं की परत तुम्ही उचलणार नाही.”

वरून करमरकरांचा भरदार आवाज आला, “काय मगदूम, पेशंट आणताय? दवाखाना खालीच राहिला की.”

“पेशंट नाही काका, डॉक्टरच आणलाय,” पद्मजा म्हणाली. “तुमच्या स्पीकरांना तपासायला.”

मिरजेत ब्राह्मणपुरीत डॉक्टर गोसाव्यांच्या दवाखान्यावर एक लांबट खोली होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी तिथे आमचं श्रवण मंडळ जमायचं. सतरंजीवर बसायचं, जुन्या गायकांची एखादी रेकॉर्ड ऐकायची, वाजत असताना कुणी बोलायचं नाही, संपली की चहा. गावच सतारी-तंबोरे बनवणाऱ्यांचं. त्यामुळे ऐकणाऱ्यांचे कान तिखट आणि जिभा कानांहून तिखट.

मंडळाच्या संचात एक रेकॉर्ड प्लेअर होता, एक प्री-अँप्लिफायर, एक पॉवर अँप्लिफायर आणि भिंतीला टेकून ठेवलेले दोन मोठे स्पीकर. सुईतून निघणारा आवाज अगदी नाजूक असतो. प्री त्याला सावरतो आणि पॉवर अँप्लिफायर त्याला स्पीकर हलवण्याचं बळ देतो. यातलं हे शेवटचं यंत्र त्या उन्हाळ्यात जळालं होतं. डॉक्टर मंडळाचे अध्यक्ष. ते पुण्याहून परदेशी यंत्र मागवायच्या बेतात होते. तेव्हा पद्मजा त्यांना म्हणाली, “डॉक्टरकाका, मागवायच्या आधी एक रविवार माझं लावून बघा.”

पद्मजा माझी मुलगी. पुण्यातली चांगली नोकरी सोडून ती घरी आली होती आणि आमच्या मागच्या खोलीत बसून व्हॉल्व्हचे अँप्लिफायर बनवत होती. जुन्या रेडिओत काचेचे दिवे असायचे तसले व्हॉल्व्ह. तिची आत्या दर सणाला विचारायची, “अजून ते दिवेच लावतेय का?” आदल्या दिवशी जेवताना पद्मजा शांतपणे म्हणाली होती, “उद्या मंडळानं ठेवून घेतलं तर मी इथेच राहीन, हाच धंदा करीन. मिरजेच्या कानांना पटलं नाही, तर मग कुणाला पटणार? नाहीतर सोमवारी पुण्याला जुन्या ऑफिसात फोन करते.”

तिच्या आईनं तिला आणखी एक भाकरी वाढली. मी मान खाली घालून जेवत राहिलो. काय बोलावं ते मला कधीच वेळेवर सुचत नाही.

माझं आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात गेलं. तिथे ‘शांतता राखा’ अशी पाटी असते. ती वाचकांना जाचक वाटते, मला फार सोयीची होती. निवृत्तीच्या दिवशी प्राचार्यांनी माईक पुढे केला तेव्हा मी हात जोडले आणि खाली बसलो. मंडळातही रेकॉर्ड लावण्याआधी गायकाची ओळख करून द्यायची पद्धत होती. त्याचं टिपण मी लिहायचो आणि वाचायचे करमरकर. ते पूर्वी आकाशवाणीवर होते. वाचून झालं की लोक त्यांच्या आवाजाचं कौतुक करायचे. मला त्याचं वाईट वाटत नसे. माझी वाक्यं माझ्या तोंडून कुणाला ऐकवत नसती, हे मला ठाऊक होतं.

यंत्र आम्ही कपाटाशेजारच्या बुटक्या टेबलावर ठेवलं. पद्मजानं त्यावरचा टॉवेल काढला. मागे काळे ट्रान्सफॉर्मर, पुढे काचेचे व्हॉल्व्ह ओळीनं उभे. मंडळी पुढे सरकली.

“अगंबाई, चिमण्या आहेत की काय ह्या?” करमरकर म्हणाले. “वात कुठून वर करायची?”

“करमरकर, हात नका लावू,” डॉक्टर म्हणाले. “मला रविवारी पेशंट नकोय.”

इस्माईलभाई मात्र यंत्राजवळ आले. ते सतारमेकर गल्लीतले जुने कारागीर, तंबोऱ्यासाठी त्यांच्याकडे लांबलांबून लोक यायचे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, खाली वाकून यंत्राचे सांधे पाहिले आणि मग पद्मजाच्या हातांकडे पाहिलं. तिच्या बोटांवर डाख द्यायच्या तापल्या सळईनं भाजल्याच्या खुणा होत्या.

“सगळं हातानं केलंस?”

“हो चाचा.”

“हं,” ते म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले.

पद्मजा जोडणीला लागली. आधी स्पीकर. उजवीकडच्या तारा उजवीकडे, डावीकडच्या डावीकडे, प्रत्येक स्क्रू पिळून झाल्यावर तार ओढून बघायची. करमरकरांनी प्लग बोर्डात घालायला हात पुढे केला, तशी ती चटकन म्हणाली, “थांबा काका. स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचं यंत्र चालू करायचं नसतं. सगळा जोर आतच कोंडतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो.”

“म्हणजे श्रोते आल्याशिवाय गवयानं तोंड उघडायचं नाही.”

“तसंच समजा.”

मग तिनं प्रीपासून दोन तारा आणून यंत्राच्या मागे खोचल्या. मी विजेरी धरून उभा होतो. माझा उजेड भलतीकडेच पडत होता, म्हणून तिनं विजेरी माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच्या दातांत धरली.

करमरकरांनी टिपण वाचलं. त्या दिवशी रत्नाबाई हुक्केरीकरांची तोडी लागणार होती. वाचन नेहमीसारखं उत्तम झालं, शेवटच्या वाक्याला दाद आली. पद्मजानं बटण दाबलं. काही क्षण काहीच झालं नाही. मग व्हॉल्व्हच्या पोटात एकेक लालसर ठिणगी पेटली आणि हळूहळू उजळली. कुणीतरी “वा” म्हणालं.

आणि दिवे उजळू लागले तशी स्पीकरांतून घूं सुरू झाली. आधी बारीक, मग भरीव, मग खोलीभर.

पद्मजानं एक तार हलवली. घूं तशीच. दुसरी हलवली. तशीच.

“भुंगा शिरलाय आत,” कुणी म्हणालं.

“सूर खरा आहे,” दुसरा म्हणाला. “पण लावायला कुणी सांगितला?”

हसू फुटलं. हसण्यात वाईट काही नव्हतं, आमच्या मंडळात भल्याभल्यांची अशीच गंमत व्हायची. पण पद्मजा हसली नाही. तिनं यंत्र बंद केलं आणि टेबलामागे जाऊन गुडघ्यांवर बसली.

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. “असू दे गं पोरी. पुढे कधीतरी बघू. मी खालून माझा टेप आणतो, आज त्याच्यावर काहीतरी ऐकू.”

“काका, थोडा वेळ द्या. सापडेल मला.”

“अगं, लोकांना घरी जायचं असतं.” डॉक्टरांचा स्वर मायेचाच होता. “तू लावलंस हेच पुष्कळ आहे.”

मागच्या ओळीत दोघेजण उठले. एकानं चपलांकडे मोर्चा वळवला. पद्मजानं यंत्राच्या प्लगला हात घातला. ती तो काढणार, यंत्र टॉवेलात गुंडाळणार, त्याच जिन्यानं खाली नेणार आणि सोमवारी फोन करणार, हे मला तिच्या पाठीवरून दिसत होतं. ती लहानपणी शाळेतून हरून आली की अशीच पाठ करून दप्तर आवरायची.

मी उभा राहिलो.

का उभा राहिलो ते मला ठाऊक होतं. पुढे काय करायचं ते ठाऊक नव्हतं. टिपण तर वाचून झालं होतं.

“बसा,” मी म्हणालो. “जरा बसा.”

करमरकरांनी भुवया वर केल्या. “मगदूम? तुम्ही?”

“रत्नाबाईंना मी एकदा समोर ऐकलंय,” मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की माझा मलाच परका वाटला.

“मोठ्यानं, सर,” मागून हाक आली.

“ऐकलंय त्यांना,” मी मोठ्यानं म्हणालो. “टिपणात ते लिहिलं नाही. टिपणात आपलं स्वतःचं लिहू नये असं मला वाटतं. मी लहान होतो. अंबाबाईच्या देवळात पहाटेची बैठक होती. वडील आत जाऊन बसले. मला माणसांत बसायची लाज वाटायची, म्हणून मी खांबामागे उभा राहिलो. तिथून बाई दिसत नव्हत्या. त्यांचा एक हात तेवढा दिसायचा आणि तंबोऱ्याचा भोपळा.”

चपलांकडे गेलेला माणूस दारातच थांबला होता.

“तोडी सुरू झाली. आणि बाई गंधारावर आल्या असतील-नसतील, तोच तंबोऱ्याची तार तुटली.”

“कुठली?” इस्माईलभाईंनी विचारलं.

“ते मला कळायचं वय नव्हतं, इस्माईलभाई.”

“मधली असणार. जोडीतली,” ते म्हणाले. “बोला, बोला.”

“बाई थांबल्या. कारभारी म्हणाले, दुसरा तंबोरा आहे, त्याच्यावर चालू द्या. बाई म्हणाल्या, एका पायावर चालायला सांगताय का मला? मग इस्माईलभाईंच्या वडिलांना घरून बोलावून आणलं. दस्तगीरभाई झोपेतून उठून तसेच आले, खांद्यावर पंचा टाकून.”

इस्माईलभाई सरळ झाले. “हे खरं आहे. अब्बा सांगायचे. पण बाईंचं नाव नव्हते सांगत, नुसतं हुक्केरीवाली म्हणायचे.”

“त्यांनी नवी तार चढवली,” मी पुढे म्हणालो. “लोक चुळबुळ करू लागले. काहीजण उठले. तेव्हा बाई म्हणाल्या... मला त्यांचे शब्द पाठ आहेत. त्या म्हणाल्या, ‘बसा. तार लागेपर्यंत बसा. गाणं मी रोजच गाते, तार लागताना तुम्ही रोज कुठे ऐकता?’”

खोलीत कुणी हललं नाही. मी बोलत होतो आणि कुणी हलत नव्हतं, हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे हे मला पटेना. डॉक्टरांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे भिंतीकडे गेली. कंटाळले, मला वाटलं. मग त्यांनी हाताचा पंजा किंचित उचलला. पुरे, असा. एरवी तेवढ्या खुणेवर मी दोनदा बसलो असतो. पण पद्मजानं अजून हाक मारली नव्हती. तिचं काम संपलेलं नव्हतं. मी डॉक्टरांकडे बघायचं सोडून दिलं आणि बोलत राहिलो.

“दस्तगीरभाईंनी तारेखाली दोरा घातला. तार वाजवायची, दोरा केसभर सरकवायचा, परत वाजवायची. आधी तार नुसती टणटण करत होती. मग तिला थोडी धार आली. मग ती धारही गेली आणि आतून काहीतरी उमललं. तारेच्या त्या गुंजण्याला जव्हारी म्हणतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच कळलं की मघाशी तार वाजत होती आणि आता ती बोलतेय.”

“असंच असतं,” इस्माईलभाई हळूच म्हणाले. “दोरा बसतो ना, तेव्हा हाताला आधी कळतं, कानाला नंतर.”

“त्यानंतर बाई खूप गायल्या. लोक नंतर वर्षानुवर्षं त्या तोडीबद्दल बोलायचे. मला मात्र ती तोडी आठवत नाही. तार लागताना आठवते. पुढे मी गाणं ऐकू लागलो तो त्या तारेमुळे. मला गाता येत नाही, वाजवता येत नाही, चार माणसांत बोलताही येत नाही, ते तुम्ही आत्ता बघतच आहात.”

यावर लोक हसले. वेगळं हसले.

“पण थांबता येतं. खांबामागे उभं राहून मी तेवढं शिकलो. जे हातानं बनवलेलं असतं ते आपल्या वेळेला लागतं, आपल्या घड्याळाला नाही. माझ्या मुलीनं हे यंत्र हातानं बनवलंय. मी रोज बघितलंय. एकेक सांधा तीनतीनदा उकलून तिनं परत जोडलाय. मला त्यातलं काही कळत नाही. पण दस्तगीरभाई दोरा सरकवायचे ना, तसा तिचा चेहरा होतो काम करताना. म्हणून मी म्हणतो, बसा.”

मी थांबलो. पुढचं वाक्य नव्हतंच. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला होता.

मागून पद्मजा म्हणाली, “अप्पा, झालं.”

मी वळलो. व्हॉल्व्ह लखलखत होते, आणि खोलीत काहीही ऐकू येत नव्हतं.

तिनं सुई रेकॉर्डवर टेकवली.

आधी तंबोरे आले. मी ती रेकॉर्ड घरी किती वेळा ऐकली असेल, पण तिच्यात दोन तंबोरे आहेत हे मला त्या दिवशी समजलं. एक थोडा पुढे, एक मागे. त्यांच्यामधून बाईंचा आवाज आला तो स्पीकरांतून आल्यासारखा नव्हता, दोन स्पीकरांच्या मधे, भिंतीच्याही जरा अलीकडे कुणी बसून गात असल्यासारखा होता. त्या गंधाराला हात लावून मागे येत होत्या आणि मागे येताना घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता. करमरकरांनी डोळे मिटले. डॉक्टर भिंतीला टेकून बसले होते, ते पुढे होऊन मांडी घालून बसले.

बाजू संपली. सुई शेवटच्या चरीत फिरत राहिली. तरी कुणी उठेना.

शेवटी इस्माईलभाई उठले, यंत्रापाशी गेले आणि पद्मजाला म्हणाले, “जव्हारी चांगली काढलीस.”

एवढंच. पण आमच्या गावात त्यांच्या तोंडून हे शब्द ऐकायला लोक म्हातारे होतात. पद्मजा खाली वाकून त्यांच्या पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि चहाची चौकशी करायला लागले.

डॉक्टर म्हणाले, “करमरकर, ते पुण्याचं रद्द करा.”

“तुम्हीच मागवणार होता, तुम्हीच करा.”

“बरं, मी करतो. आणि हे आता इथून हलवायचं नाही. पद्मजा, ऐकलंस ना? तुझ्या बापाला सांग, जिन्यावरून परत न्यायचं नाही.”

“ते काय नेणार काका,” ती म्हणाली. “वर आणतानाच टेकवू या म्हणत होते.”

सगळे हसले. मी चहाचा कप घेऊन खिडकीशी उभा राहिलो. येणारा-जाणारा माझ्या खांद्यावर हात ठेवत होता. मला तो हात पद्मजासाठीच आहे असं वाटत होतं, आणि त्यातच मला आनंद होता. माझ्या मुलीचं यंत्र मिरजेत वाजलं होतं. मला आणखी काही नको होतं.

घरी जाताना मी तिच्या स्कूटरवर मागे बसलो. रविवार असल्यामुळे रस्ता मोकळा होता. यंत्राचं ओझं नव्हतं, तरी ती सावकाश चालवत होती. मी विचारलं, “कुठे होता गं दोष?”

“दोष नव्हताच. मंडळानं जुन्या यंत्रासाठी प्रीवरून एक वायर मोरीतल्या नळाला बांधून ठेवली होती. त्याला स्वतःचं अर्थिंग नव्हतं ना. माझ्या यंत्राला आहे. दोन ठिकाणी अर्थ मिळाला की घूं येते. वायर सोडली, घूं गेली.”

“अवघड होतं शोधायला?”

“नाही. तुम्ही त्या खांबामागे उभे राहिलात ना, तोपर्यंत सापडलं होतं. तार तुटली तेव्हा मी बटण दाबून बघितलं. दिवे लागले, आवाज एकदम स्वच्छ.”

मला हिशेब लागेना. “मग हाक का नाही मारलीस?”

“मारणार होते. उठलेच होते. तर डॉक्टरकाकांनी मला हात दाखवला, थांब म्हणून.”

“मला वाटलं, तो मला होता. पुरे म्हणून.”

“तुम्हाला?” ती हसली. “अप्पा, तुमची पाठ होती यंत्राकडे. दिवे लागलेले सगळ्यांना दिसत होते. घूं नाही हेही सगळ्यांना कळत होतं. करमरकरकाकांनी तर ओठांवर बोट ठेवलं.”

आम्ही किल्ल्याच्या वळणावर आलो होतो. समोरून एक टांगा येत होता, तो जाईपर्यंत ती थांबली.

“मग एवढा वेळ मागे काय करत होतीस?” मी विचारलं.

“बसले होते खाली. ऐकत होते.”

टांगा गेला. तिनं गाडी पुढे काढली. ती रस्त्याकडे बघत होती, त्यामुळे तिचा चेहरा मला दिसला नाही. माझा तिला दिसला नाही, हे बरंच झालं.